आई म्हणाली, गाडी ओढतेय

मागच्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील, आम्ही मुंबईच्या एलबीएस रोडवर, भांडुपच्या आसपास. आई गाडी चालवत होती आणि मी बाजूच्या सीटवर मोबाईलमध्ये. मेट्रोच्या कामाचे पत्रे लावून रस्ता अर्धा झालेला, त्या अर्ध्यातही थोडं डांबर, थोडे पेव्हर ब्लॉक, मधेच एक लोखंडी प्लेट, आणि या सगळ्यावर पाऊस. पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा खचला होता, डावं चाक त्यात गेलं आणि बाहेर पडताना गाडी एकदम डावीकडे गेली, म्हणजे आईने वळवली नाही, गाडीच गेली, कुणी मनगट धरून खेचावं तशी. डाव्या अंगाला बाइकवर एक डिलिव्हरीवाला मुलगा होता, निळा रेनकोट, पाठीवर ती चौकोनी बॅग. आईने ब्रेक मारला आणि ब्रेक मारल्यावर गाडी अजून थोडी डावीकडे. त्या मुलाने नुसती मान वळवून बघितलं आणि तो पुढे निघून गेला. काही झालं नाही. आईने थोडं पुढे जाऊन एका बंद शटरसमोर गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, वायपर तसेच चालू, आणि म्हणाली, "अरे, गाडी ओढतेय. दोन महिने सांगतेय मी तुला." आणि मी मोबाईल हातात तसाच धरून म्हणालो, "आई, तू स्टिअरिंग फार घट्ट धरतेस."

हे वाक्य मला अजून सोडत नाही.

ती काही बोलली नाही. दार उघडून पावसात उतरली, बोनेटच्या पुढून फिरून माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "सरक." मी पलीकडे सरकलो, ती माझ्या जागेवर बसली, ओली पर्स मांडीवर घेऊन, आणि मुलुंडपर्यंत समोर बघत राहिली. घरी आल्यावर तिने गाडीची चावी हुकला लावली. त्यानंतर चार महिने त्या चावीला तिने हात लावला नाही.

आईबद्दल थोडं सांगायला पाहिजे. ती महापालिकेच्या हॉस्पिटलात ३४ वर्षं स्टाफ नर्स होती. २०१५ ला रिटायर झाली आणि आलेल्या पैशातून तिने ही गाडी घेतली, आणि गाडी दारात आल्यावर ती चालवायला शिकली, ५८ व्या वर्षी. आमच्या घरात गाडी चालवणारी ती पहिली. बाबा कधी शिकलेच नाहीत, ते बाजूला बसायचे आणि सिग्नलला संत्र्याच्या फोडी तिच्या हातावर ठेवायचे. बाबा गेल्यावरही ती थांबली नाही. ठाण्याला मावशीकडे, गडकरीला नाटकाला, गुरुवारी भाजीला, एकदा तर एकटी अलिबागला जाऊन आली आणि आल्यावर सांगितलं. तिचे हात मी लहानपणापासून बघत आलोय. लहान मुलांची शीर कुणालाच सापडत नसली की दुसऱ्या वॉर्डातून तिला बोलवायचे. मी एकदा विचारलं होतं की तुला दिसते कशी, तर म्हणाली, दिसत नाही रे, दिसणारी शीर फसवते, बोटाखाली जी उसळते ती खरी. अशा बाईला मी सांगत होतो की तुझे हात चुकतायत.

म्हणजे मी काहीच केलं नव्हतं असं नाही. मे महिन्यात तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघं गाडी घेऊन अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन तपासायला, गेलो होतो. मोठं चकचकीत दुकान, चारी चाकांना त्या प्लेटा अडकवतात, समोर कॅमेरे, आणि स्क्रीनवर गाडीचं चित्र. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तो आकडा, जरासा लाल होता, त्याने खाली जाऊन पाना फिरवला, लाल आकडा हिरवा झाला. बाकी सगळे आकडे आधीपासूनच हिरवे. त्याने प्रिंट काढून माझ्या हातात दिली. आई बाजूलाच उभी होती, गाडी तिची, चालवते ती, तक्रार तिची, आणि तो बोलत होता माझ्याशी. "गाडी एकदम ओके है सर, मॅडम को बोलो थोडा ढीला पकडने का." मी मान हलवली. आईने एकच विचारलं, "हे गाडी उभी असताना मोजलंत ना?" तो म्हणाला, "हां मॅडम, खडी गाडी का ही होता है." ती "बरं" म्हणाली. मला वाटलं तिला काही कळलं नाही म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. त्या प्रश्नाचा अर्थ मला नोव्हेंबरात कळला.

चावी हुकला लागली तेव्हा मला काय वाटलं तेही लिहितो, कारण ते लपवलं तर बाकी लिहिण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. ती ६७ वर्षांची, मुंबईचा ट्रॅफिक असा, बाइकवाले कुठूनही येतात, आणि तिला "आता पुरे" कसं सांगायचं हे माझ्या आणि ताईच्या डोक्यात वर्षभर चालू होतं. ताईला पुण्याला फोन केला तर तीही म्हणाली, बरं झालं, आपणहून सोडलं. आम्हाला एक कारण हवं होतं आणि गाडीने ते आणून दिलं, मग गाडी का ओढतेय हे शोधायची घाई कुणाला होती? मी गाडी घेऊन ऑफिसला जायला लागलो, मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावरून. ती रिक्षाने भाजीला जायला लागली. नाटकाला जाणं बंद झालं, रात्री परत येताना रिक्षा मिळत नाही म्हणून.

सुरुवातीला मला खरंच काही जाणवत नव्हतं. ऐरोलीचा पूल सरळ, हायवे सरळ, आणि आताच्या गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, चाकाखाली काय चाललंय त्यातलं बरंचसं ती मोटरच खाऊन टाकते, हातापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. शिवाय मी चालवतो एका हाताने, एक कान फोनला. ऑक्टोबरातल्या एका रात्री फोनची बॅटरी संपलेली, गाणी नाहीत, काही नाही, सर्व्हिस रोडला रस्ता खणून परत बुजवलेला होता, तिथून जात होतो. डावं चाक त्या उंचवट्यावर चढलं आणि स्टिअरिंग तळहातात किंचित फिरलं. चाक खाली उतरलं, स्टिअरिंग परत जागेवर. पुढे अजून एक चर, परत तेच. गाडी डावीकडे जायची, मी आणायचो, मग जरा जास्त आणली जायची, परत सोडायचो, सरळ रस्त्यावर मी सतत काहीतरी दुरुस्त करत होतो. मी मुद्दाम गाडी मागे घेऊन तो पट्टा दोनदा परत केला. दुसऱ्यांदा त्यावर ब्रेक मारला आणि भांडुपला झालं होतं तेच झालं. रात्रीचे साडेदहा, रस्त्यावर एक कुत्रं. मी तिथेच गाडी उभी करून बसलो. घरी जाऊन तिला काय सांगायचं ते सुचेना.

तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "हं." मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, "ब्रेकवर जास्त ना?"

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही दोघांनी या गाडीवर घालवले, आणि खरं सांगतो, कित्येक वर्षांत आम्ही इतके एकत्र नव्हतो. मी रात्री व्हिडिओ बघायचो, वाचायचो, सकाळी तिला सांगायचो, ती चहा घेत ऐकायची आणि तिच्या पद्धतीने प्रश्न विचारायची. कधीपासून? काय केल्यावर वाढतं? काय केल्यावर कमी होतं? दोन्ही बाजूंना की एकाच? केस पेपर भरतात तसं. पहिली गोष्ट हवा. गाडी रात्रभर उभी असताना, म्हणजे टायर थंड असताना, मोजायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. आमच्या पुढच्या डाव्या टायरमध्ये २६, उजव्यात ३२. पंपावर हवा भरणारा पोरगा न विचारता चारी टायरमध्ये ३५ भरतो हे मला माहीत होतं, पण डावं हळूहळू उतरतंय हे माहीत नव्हतं. ज्या बाजूला हवा कमी त्या बाजूला गाडी ओढते. मला वाटलं सापडलं, इतकं सोपं होतं. वॉल्व्ह बदलला, हवा भरली, फरकही पडला, सपाट रस्त्यावर गाडी शहाणी झाली. खचलेल्या रस्त्यावर मात्र तीच. आई म्हणाली, ताप उतरला, इन्फेक्शन आहे.

मग टायर. रेडियल टायरचे आतले पट्टे बनवतानाच जरा एका बाजूला सरकलेले असले किंवा टायर वाकडा झिजला असला तर तो शंकूसारखा वागतो, सरळ जातच नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. ते ओळखायचा मार्ग म्हणजे पुढचा डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर टायर सुटला. आमच्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नव्हता, असता तर असं अदलाबदल करता येत नाही. मी खालच्या पंक्चरवाल्याकडून ते करून घेतलं, आई स्टूल टाकून बसली होती, नट आडवेतिडवे आवळले की नाही ते बघत. ओढ डावीकडेच राहिली. पण टायर काढल्यावर एक दिसलं, पुढचा डावा टायर आतल्या कडेने खाल्ला होता, बाहेरून नवा वाटावा असा आणि आत हात घातला तर गुळगुळीत. आईने तिथे बोट फिरवलं आणि हात पुसत म्हणाली, "हे आत्ताचं नाही. जुनं आहे."

रस्त्याचाही संशय घेतला. आपल्या रस्त्यांना मधून कडेला उतार दिलेला असतो, पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणजे कायम त्या उतारावर, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा सोडली तर हळूहळू डावीकडे सरकते. म्हणून रविवारी पहाटे वागळे इस्टेटमध्ये गेलो. कारखाने बंद, रस्ते रुंद, एकही माणूस नाही. रस्त्याच्या बरोबर मधोमध चालवून बघितली, स्पीड ४०, हात स्टिअरिंगपासून बोटभर लांब. मधोमध गाडी सरळ गेली. उताराची ओढ सारखी असते, हळू असते. आमची तशी नव्हती, आमची धक्क्यावर यायची. हा फरक आईने आधीच सांगितला होता, मी वहीत आता लिहीत होतो.

तिथे उभं असताना आजोबांची आठवण निघाली. आईचे वडील, परळहून भायखळ्याला मिलमध्ये सायकलने जायचे. तेव्हा त्या रस्त्यावर ट्रामचे रूळ होते. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, बोरीबंदर ते दादर शेवटची फेरी, आई तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला ट्राम अंधुक आठवते, पण आजोबांचं वाक्य स्वच्छ आठवतं, रूळ ओलांडताना चाक आडवं घालायचं, रुळाच्या बाजूबाजूने गेलास की रूळ तुला घेऊन जाणार. एका पावसाळ्यात त्यांचं चाक त्या खाचेत गेलं होतं आणि हनुवटीला तीन टाके पडले होते. मी म्हटलं आई, गाडीवाले अजून याला ट्रामलाइनिंगच म्हणतात, रस्त्याला लांब चर असली आणि टायर रुंद असले की चाक त्या चरीमागे जातं. रूळ जाऊन साठ वर्षं झाली, आता काँक्रीटचा पॅनेल आणि डांबर यांच्यामध्ये जी उभी फट राहते, पेव्हर ब्लॉकची जी कड खचते, ती तेच काम करते. तिला हे फार आवडलं. घरी येईपर्यंत ती आजोबांच्या सायकलबद्दल बोलत होती, कॅरिअरला बांधलेला डबा, मडगार्डवर तिने काढलेलं फूल. आमची गाडी मात्र ट्रामलाइनिंग करत नव्हती, टायर साधे अरुंद, आणि चर नसतानाही ती नुसत्या उंचवट्यावर जायची.

ब्रेक राहिला होता. एखाद्या चाकाचा ब्रेक कॅलिपर अडकून राहिला तर ते चाक सतत थोडं धरलेलं राहतं आणि गाडी तिकडे जाते, आणि असं चाक तापतं. मी म्हटलं दहा किलोमीटर चालवून आणतो, मग दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघू. परत आलो तर आई खाली बिल्डिंगच्या दारात उभी. मी तळहात नेत होतो रिमजवळ, तिने माझा हात बाजूला केला. "तळवा नाही. हाताची मागची बाजू. तिथली कातडी पातळ असते." आणि ती वाकली, गुडघ्यावर एक हात ठेवून, आणि आधी डाव्या चाकाजवळ, मग उजव्या, मग परत डाव्या, हाताची मागची बाजू नेऊन थांबली, हात न लावता, जसा लहानपणी माझ्या कपाळाजवळ नेऊन थांबायची. सोसायटीतले दोघं-तिघं बघत होते. "सारखी आहेत दोन्ही," ती म्हणाली. "ब्रेकचं नाही."

त्या संध्याकाळी जेवताना तिने ते सांगितलं. छातीत दुखतं म्हणून माणूस येतो, त्याला कॉटवर झोपवून ईसीजी काढला तर कितीतरी वेळा नॉर्मल येतो, कारण झोपल्यावर हृदयावर ताणच नसतो. म्हणून तर ट्रेडमिलवर चालवतात, जिना चढताना दुखतं ना, मग चढतानाच बघायला पाहिजे. "त्या दुकानात मी विचारलं, उभ्या गाडीचं मोजलं का. तो हो म्हणाला. तेव्हाच मला कळलं की यांना नाही सापडणार." मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस. तिने आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. "तू प्रिंट बघत होतास."

शेवटी कुर्ला. सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत, जिथे दोन्ही बाजूंना जुने बंपर, दरवाजे, रेडिएटर टांगलेले असतात आणि जमीन ऑइलने काळी झालेली असते, तिथे एक मिस्त्री आहेत, मूळचे चिपळूणकडचे, सत्तरीला आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ऑफिसातल्या एकाने पाठवलं. मी प्रिंट पुढे केली, त्यांनी ती न बघता टूलबॉक्सवर ठेवली आणि विचारलं, "चालवतं कोण?" मी म्हटलं, आई. "मग मॅडम, तुम्हीच चालवा. मी बाजूला बसतो." मला मागे बसवलं. चार महिन्यांनी आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पुढे घेतली, आरसा हलवला. चाचांनी तिला मुद्दाम वाईट रस्त्याला घातलं, गल्लीबोळ, गटाराची झाकणं, खणलेली पट्टी, एका बाजूला उतरलेला फुटपाथ, आणि ते डोळे मिटून बसले होते, हात डॅशबोर्डवर. मधेच म्हणायचे, "इथे ब्रेक." "आता सोडा." "आता परत." एकदा विचारलं, "हात कुठे जातो?" आई म्हणाली, "आधी हलकं होतं, मग डावीकडे जातं, आणि मग उशिरा परत येतं." चाचांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. "उशिरा परत येतं," त्यांनी तसंच्या तसं म्हटलं.

गाडी वर घेतली. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवलं, स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा टाय रॉड ढिला असला तर तिथे कळतं. नव्हता. १२ आणि ६ वर धरून हलवलं, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग असलं तर तिथे. तेही घट्ट. पोराला स्टिअरिंगवर बसवून डावं-उजवं हलवायला लावलं आणि खालून रॅकचे बुश बघितले. वरती स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा खांब, जिथे बसतो तिथे हात ठेवला, कारण तिथलं बेअरिंग जाम झालं तर गाडी ज्या बाजूला शेवटची वळवली तिकडेच ओढत राहते, आपल्या आपण सरळ होत नाही. तेही नाही. मग त्यांनी टॉमी घेतली, लांब लोखंडी, आणि डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मागच्या बुशच्या फटीत घालून दाबली.

आर्म सरकला. चांगला बोटभर सरकला, आणि सोडल्यावर हळूच परत जागेवर येऊन बसला.

आईने चष्मा वर केला आणि खाली वाकून बघितलं. बुश म्हणजे काय, मधे लोखंडी नळी, बाहेर कडं, आणि दोघांना धरून ठेवणारं रबर. चाकाला मागे-पुढे जाऊ न देणं आणि तरीही खड्ड्याचा दणका गिळणं ही दोन्ही कामं त्या रबराची. आमचं रबर अर्ध्याहून जास्त गोल फाटलेलं, आत धूळ भरून काळी भेग. चाचांनी सांगितलं, खड्डा लागला किंवा ब्रेक मारला की चाकावर मागच्या बाजूला जोर येतो, आर्म मागे सरकतो, चाकाची दिशाच बदलते आणि गाडी त्या बाजूला जाते. जोर गेला की रबर त्याला परत आणून बसवतं, पण उशिरा. गाडी उभी असली की सगळं आपापल्या जागेवर, मशीनला दिसणार काय? हिरवंच दिसणार. मला घरच्या डी-मार्टच्या फेऱ्या आठवल्या, त्या ट्रॉलीचं पुढचं चाक आपल्या खिळ्याच्या जरा मागून फरफटत येतं म्हणून सरळ राहतं, गाडीचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो आसही त्यासाठीच वरून मागे कललेला असतो, त्यालाच कॅस्टर म्हणतात, आणि एका बाजूचं ते बिघडलं की गाडी तिकडे झुकते. आमचं ते चालता चालता बिघडत होतं आणि थांबलं की सुधारत होतं. खरं तर अलाइनमेंटच्या आधीच कुणीतरी टॉमी घालून बघायला पाहिजे होतं, ढिल्या सांध्यावर कोन मोजून उपयोग काय, पण ते मी त्या दुकानवाल्याला किती बोलू, त्याने मशीन बघितली आणि मी प्रिंट बघितली.

दोन्ही बाजूंचे आर्म बदलले, उजवंही तडकायला लागलं होतं. एक गोष्ट मी लक्षात ठेवलीय, चाचांनी बुशचे बोल्ट गाडी वर असताना नुसते बसवले, शेवटचं आवळणं गाडी खाली उतरवून, तिचं वजन चाकांवर आल्यावर केलं. वर लटकलेलं असतानाच आवळलं तर रबर त्या लटकलेल्या जागेला धरून बसतं, आणि गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात परत फाटतं. "उभी राहील तशी आवळायची," ते म्हणाले. मग परत अलाइनमेंट, दुसरीकडे. मजुरीसकट सगळे मिळून साडेसात हजार. चाचांनी जुना बुश कापडात गुंडाळून आईला दिला. तिने तो पर्समध्ये टाकला. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, असू दे.

आता परत तीच गोष्ट, जी मी वर लिहिली. गाडी खराब निघाली याचा मला आनंद होता, पण कुर्ल्याहून परत येताना मी चालवत होतो आणि ती बाजूला, आणि मला कळत होतं की आता माझ्याकडे कारण उरलेलं नाही. तिचे हात बरोबर होते हे सिद्ध झालं. ती ६७ वर्षांची आहे हेही तसंच राहिलं. रात्री तिला समोरच्या लाइटचा त्रास होतो, ती स्वतः सांगते. ताईला फोन केला तर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मग आता? मी म्हटलं मला माहीत नाही. माफी मागायची म्हणून दोन दिवस मी संधी शोधत होतो आणि दोन्ही दिवस काहीतरी दुसरंच बोललो. तिसऱ्या दिवशी तिला सकाळी चहा दिला आणि म्हणालो, "त्या दिवशी भांडुपला मी जे बोललो ना." ती म्हणाली, "साखर कमी आहे." मग हात माझ्या मनगटावर ठेवला, जरा वेळ, नाडी बघतात तसा.

रविवारी पहाटे परत वागळे इस्टेट. या वेळी ती चालवत होती. अजून उजाडलं नव्हतं, रस्त्यावरचे दिवे चालू, एका गेटवर वॉचमन शेकोटीला बसलेला. तिने तिसऱ्या गिअरमध्ये सरळ घेतली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, ही आता उजवीकडे जातेय."

जात होती खरी. मला दिसत होतं. अलाइनमेंट नुकतंच केलेलं, हवा मी स्वतः मोजलेली. मी तिच्या हातांकडे बघितलं. उजवं मनगट किंचित खाली दाबलेलं होतं. मे ते जुलै ती डावीकडची ओढ उजवीकडे धरून सावरत होती, आणि आता ओढ गेली होती पण हात अजून सावरत होता. तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं, जुलैतलं, शब्द न शब्द तेच, आणि या वेळी ते खरं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

रस्त्याच्या टोकाला तिने गाडी वळवली. परत येताना परत उजवीकडे. तिने ओठ आवळले. दुसऱ्या फेरीला तिने वेग कमी केला, दोन्ही हातांची बोटं एकेक करून उघडली, स्टिअरिंग नुसतं तळव्यांमध्ये राहू दिलं, आणि गाडी सरळ गेली, सरळ, खणलेल्या पट्टीवर चढली, उतरली, सरळ. तिने खाली स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. काही बोलली नाही. तिसरी फेरी केली, चौथी केली. चौथीला मनगट सैल झालं होतं. तोवर उजाडलं होतं, एका टपरीवाल्याने स्टोव्ह पेटवला होता. मला वाटलं आता ती गाडी बाजूला घेऊन मला चालव म्हणेल. चेकनाक्याला तिने घराकडे न वळता इंडिकेटर दिला आणि एलबीएसला लागली.

"कुठे?" मी विचारलं.

"भांडुपला. तिकडची भाजी ताजी असते सकाळी."